येसरातली करडई

शिरड शहापूर
१ फेब्रुवारी २००२

चि. रत्नपाल यास अक्काचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद वि. वि.

इकडे सगळे खुशाल. पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसू नको. हरभरा काढून झाला, आता कुठं पाठ टेकायला सवड मिळाली. दुपारी रेडिओ लावते. तुझ्या बायकोला, सेवाला सांग, खाण्यापिण्याचे कार्यक्रम ऐकायचे तर सोमवारचा ऐक. त्यातली म्हातारी अंबाडीची भाजी अशी सांगते की घरात फोडणीचा वास येतो. शनिवारी ताक, अंबील, पन्हं असं प्यायचं सांगतात, तेही बरं. मंगळवारची बाई मात्र सोडून द्यावी. ती भाकरीवर काय काय किसून घालते आणि स्वतःच वा वा म्हणते.

पण खरी गंमत गुरुवारची. त्यात ऐकणाऱ्यांची पत्रं वाचतात. काल एकीनं येसर सांगितला. गहू, हरभऱ्याची डाळ, धने भाजून दळायचे आणि ते पीठ लग्नाच्या आमटीला लावायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण शेवटी तिनं मूठभर करडई भाजून घालायला सांगितली अन् माझ्या हातातलं सूप खाली पडलं. येसरात करडई कोण घालतं रे? आपल्या मायशिवाय कोणी घातलेली मी ऐकली न्हाई. अन् तीही चुकून! जनावरं पिकात शिरू नयेत म्हणून गव्हाच्या कडेनं लावलेली करडई गव्हात मिसळून आली, मायला निवडायला फुरसत न्हाई, तशीच भाजली. पंगतीनं पत्रावळ्या चाटल्या, तेव्हापासून आपल्या घरचा येसर तसाच.

पत्र वसमतहून होतं. नाव न्हाई, नुसतं एक बहीण असं म्हणाले. रत्नपाल, ही आपली सपना तर नसेल? सहा वर्षं झाली रे, जिवाला चैन न्हाई. बाबांच्या कानावर घालू नको. मायला हळूच विचार.

माया आहे तशीच घट्ट राहू दे.
तुझी अक्का,
करुणा


साखरा
८ फेब्रुवारी २००२

ती. करुणाअक्कास सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. तू पोलिसात जायला पाहिजे होतीस, अंगणवाडीत काहून गेलीस कळत न्हाई. अगं, बांधाला करडई लावणारे जिल्ह्यात आपण एकटेच हाओत व्हय? आणखी कोणाच्या गव्हात ती मिसळली असंल.

तरी तू म्हणालीस म्हणून मायला गोठ्यात गाठलं. बाबांसमोर बोलायची सोय न्हाई, ते तुला ठाऊकच. सपनाच्या लग्नाचा येसर करून ठेवला होता आणि ती रजिस्टर लग्नाची नोटीस देऊन आपल्या पसंतीच्या पोराशी लग्न करून गेली. बाबांनी अख्खं गाडगं उकिरड्यावर उपडं केलं. त्या दिवसापासून या घरात ना तिचं नाव, ना येसर. दुसऱ्याच्या लग्नातही येसराची आमटी वाढली की बाबा पानावर हात आडवा धरतात.

मायनं सगळं ऐकून घेतलं. सपनाचं नाव काढलं न्हाई. एवढंच विचारलं की त्या बाईनं करडईची फोलं गाळायला सांगितली का न्हाई. मी काय सांगणार! तू नीट ऐकलं असशील तर कळव. सेवाचा जयभीम. दाजींना सांग, रुसवा सोडून एकदा या.

तुमचा लोभ आटू नये.
रत्नपाल


शिरड शहापूर
१५ फेब्रुवारी २००२

चि. रत्नपाल यास सप्रेम जयभीम वि. वि.

मायनं बराबर विचारलं बघ. गाळायचं सांगितलंच न्हाई! आमच्या शेजारच्या शालूबाईनं ऐकलं तसंच केलं अन् कौतुकानं वाटीभर आमटी पाठवली. तुझ्या दाजींच्या घशात फोल अडकलं. खोकून खोकून डोळे बाहेर आले. आता त्यांनी रेडिओवर फडकं टाकून ठेवलंय, म्हणतात की हा जीव घेतो.

मला हसू आलं अन् मग रडू आलं. म्हणजे ती सपना न्हाई. अरे, फोलं गाळायचं ती कशी विसरंल? माय दळायची अन् बाबांच्या जुन्या धोतराचं फडकं धरून पीठ गाळायला सपनाच बसायची, लहानपणापासून. पिठानं भुवया पांढऱ्या झालेलं ते ध्यान मला आजही दिसतं. मी उगाच आशा लावून बसले.

पण ही चूक तशीच राहू देऊ नको. किती घरी लोक ठसकत असतील! मायच्या नावानं त्या कार्यक्रमाला एक कार्ड टाक.

आठवण धरून असावं, भांडून का होईना.
करुणा


साखरा
१ मार्च २००२

ती. अक्कास सप्रेम जयभीम वि. वि.

काय सांगू! मागच्या गुरुवारी लोकांच्या आग्रहावरून तोच येसर पुन्हा वाचला. बाबा बाजेवर बसून बातम्यांची वाट पाहून राहिले होते. करडई म्हणताच ते ताठ झाले. वाचून संपलं तशी माय चुलीपुढून उठली आणि मोठ्यानं म्हणाली की गाळायचं ऱ्हायलं. सहा वर्षांत या घरात येसराबद्दल निघालेला हा पहिला शब्द. मला वाटलं, आता रेडिओ अंगणात जातो. पण बाबा उठले. बातम्याही न ऐकता रेडिओ बंद करून शेतात गेले.

कार्डाचं म्हणशील तर मी आणून फळीवर ठेवलं होतं, ते गायब झालं. सेवा म्हणते तिनं घेतलं न्हाई, माय म्हणते तिला कार्डाचं काय करायचं. औंढ्याला गेलो की दुसरं आणतो. तोवर दाजींना आमटी बेतानं पाजावी.

दूर असलो तरी आपलं म्हणत राहावं.
रत्नपाल


वसमत
१५ मार्च २००२

ती. करुणाअक्कास सपनाचा सप्रेम जयभीम वि. वि.

अक्षर पाहून दचकू नको. मी बरी आहे. तुला दोन वर्षांचा भाचा आहे. तुझ्यासारखाच भोचक आहे, प्रत्येक डबा उघडून पाहतो.

तो येसर माझाच. घरी मी दोनदा पत्र टाकलं, दोन्ही न फोडता परत आली. तुला लिहिलं असतं तर बाबांच्या अन् माझ्या मधे तुझी तकलीफ झाली असती. मग वाटलं, पत्र परत करता येतं, रेडिओ कसा परत करतील? फोलं गाळायचं मी मुद्दाम सोडलं. मायला चूक ऐकवत न्हाई. ती कोणाकडून तरी दुरुस्ती लिहवून घेईल, म्हणजे तिनं ऐकलं हे मला कळंल, एवढीच माझी आशा होती.

काल ती दुरुस्ती वाचली. करडईची फोलं गाळल्याशिवाय येसर करू नये, असं सुरुवातीला होतं. पुढं लिहिलं होतं की पीठ गाळायचं फडकं एकट्यानं धरता येत न्हाई, दोन टोकांना दोन माणसं लागतात. आमचा गहू घरी आलाय. भीमजयंतीच्या जेवणाला येसर करायचाय. जिनं चुकीचं सांगितलं तिनं येऊन आपलं टोक धरावं, घरची माणसं संगं आणावीत. वाचणाऱ्या बाई हसल्या, म्हणाल्या की किती बारकाईनं कृती कळवली आहे.

मला वाटलं होतं, खाली मायचं नाव असंल. बाईंनी वाचलं, जळबा खिल्लारे, साखरा, तालुका सेनगाव.

अक्का, तू कायम मायजवळ जात्यापाशी असायचीस, तुला आठवत नसंल. त्या फडक्याचं एक टोक मी धरायचे अन् दुसरं बाबा. मी मुद्दाम झटका द्यायचे, पीठ त्यांच्या मिशीवर उडायचं, अन् ते रागवायचे न्हाईत.

जयंतीच्या आधी आम्ही तिघं येतोय. तू दाजींना घेऊन ये. या वेळी घशात काही अडकणार न्हाई.

इतकी वर्षं राखून ठेवलेली माया आता खर्च करावी.
तुझी धाकटी,
जळबाची सपना