एकही कोअर उपाशी राहता कामा नये

२ नोव्हेंबर २००९, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

सर्वरच्या दुखण्याचं मूळ आज सापडलं. बालाघाट शहरातल्या अकराशे घरांचं इंटरनेट आमच्या ऑफिसातल्या एका सर्वरमधून जातं. त्याला आठ कोअर आहेत, म्हणजे काम करणारे आठ जण. बाहेरून माहितीचं एखादं पॅकेट आलं की नेटवर्क कार्ड हाक मारतं आणि कोणीतरी कोअर ते आत घेतो. पण आमचं कार्ड दर वेळी एकालाच हाक मारतं, शून्य नंबरच्याला. संध्याकाळी सातला तो शंभर टक्के, बाकीचे सात दोन-दोन टक्के. नुसते बसून. पॅकेटं दारात तुंबतात, काही फेकली जातात, आणि लोक आम्हाला फोन करतात. काल बासष्ट.

मालक दुलीचंदजींना सांगितलं. ते म्हणाले, सोळा तारखेला तुझे प्रोबेशनचे सहा महिने संपतात, त्या दिवशी तक्रारी दहाच्या आत आण, नोकरी पक्की. नाहीतर त्यांचा भाचा अनुराग गोंदियाहून यायला तयार आहे.

मी घाबरले नाही. हात गार पडले ते एसीमुळे. एसी बंद होता, पण ती खोली मुळातच गार आहे.

३ नोव्हेंबर, मंगळवार
संकल्प केला: कोणाची मदत घ्यायची नाही, कोणावर दोष ढकलायचा नाही, आणि तक्रारवहीत प्रत्येक फोन वेळेसकट लिहायचा. एकच माणूस तीनदा ओरडला तर तीन नोंदी. दुलीचंदजी म्हणाले, एक आदमी एक शिकायत लिहिली तरी चालेल. मला चालणार नाही.

पाचवीपर्यंत मी शाळेत गेले नाही. गणित बाबांकडे, बाकी सगळं सुनंदाआत्याकडे. आत्याचा पहिला धडा वाढण्याचा होता. पंगतीत सगळ्यांना सारखं. एका पानात मूद मोठी पडली तर तो पंक्तिप्रपंच, आणि त्याचं पाप वाढणारीला. सर्वरमध्ये तेच चाललंय. एकाला नको होईपर्यंत, सात उपाशी. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं. आत्याने सहाव्या वर्षी शिकवलं होतं.

४ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी ३
केलं. एका फाइलीत एक आकडा बदलायचा असतो, बस. आता कार्ड आठही जणांना पाळीपाळीने हाक मारतं. एक पॅकेट याला, पुढचं त्याला, त्याच्या पुढचं तिसऱ्याला.

संध्याकाळी ७
ग्राफमध्ये आठ रेघा, आठही चौदा टक्क्यांवर. इतकं सुंदर मी आजवर काही केलेलं नाही. रंगीत प्रिंट काढून घरी नेली. आत्याने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, ही तिसरी रेघ जराशी वर काहून आहे? तिसरा पंधरावर होता. जेवण गेलं नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार
तक्रारी अठ्ठ्याहत्तर. लोकांना बदलाची सवय व्हायला वेळ लागतो.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
एक्याण्णव.

शांतपणे विचार केला. आधी नेट इतकं वाईट होतं की लोकांनी आशाच सोडली होती. आता आशा वाटू लागली आहे, म्हणून फोन करतात. म्हणजे तक्रारी वाढणं हे सुधारणेचं लक्षण आहे. दुलीचंदजींना हे समजावलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाले, अनुरागला कोणत्या गाडीने बोलवावं?

तक्रारी विचित्र आहेत. पानं अर्धी उघडतात. गाणं उतरवायला आधी दहा मिनिटं लागायची, आता पंचवीस. रीना नावाची एक मुलगी दुबईतल्या भावाशी नेटवरून बोलते. ती म्हणाली, दादाचा आवाज विटा फोडल्यासारखा तुकड्यातुकड्याने येतो. मी तिला सांगितलं की आमचे आठही कोअर समसमान चालले आहेत. तिने विचारलं, मग मी त्यांच्याशी बोलू का?

९ नोव्हेंबर, सोमवार
एकशे चार. शंभरावी तक्रार लिहिताना अक्षर वाकडं आलं. पेन खराब आहे.

आमचे लाइनमन टिकारामभाऊ खांबावरून उतरून पाणी प्यायला आले. भिंतीवरचा माझा ग्राफ बघून म्हणाले, हे कायचं चित्र होय? ते आधी खैरलांजीकडे धान मोजायच्या केंद्रावर चार वर्षं काट्यावर होते, म्हणून त्यांना समजेल असं सांगितलं. पॅकेट म्हणजे पोतं, कोअर म्हणजे काटा. आपल्याकडे आठ काटे. मी पहिलं पोतं पहिल्या काट्यावर टाकते, दुसरं दुसऱ्यावर, म्हणजे कोणताच काटा रिकामा राहत नाही.

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मॅडम, असं नाही करत जी. एका कास्तकाराचे सारे पोते एकाच काट्यावर जाते. दुसरा कास्तकार आला तं त्याले दुसरा काटा. तुम्ही एकाचेच पोते आठ जागी टाकसान, तं कोणतं पयले मोजलं न् कोणतं मांगून, त्याले कसं समजन? तो तिथंच भांडत उभा राहीन."

मी त्यांना समजावलं की सर्वर म्हणजे धानाचं केंद्र नव्हे. ते म्हणाले, हौ, तुम्ही शिकलेल्या आहा. ज्या सुरात म्हणाले तो सूर मला आवडला नाही. तरी मनात राग ठेवला नाही. ही नोंद फक्त माहितीसाठी.

१० नोव्हेंबर, मंगळवार
सहज म्हणून एक आकडा पाहिला, टिकारामभाऊंच्या बोलण्याशी काही संबंध नाही. क्रम चुकून आलेली पॅकेटं: एका दिवसात चार लाख.

एका घराचं चौथं पॅकेट एका कोअरकडे, पाचवं दुसऱ्याकडे. दुसरा चटपटीत निघाला तर पाचवं आधी पोचतं. पलीकडच्या कॉम्प्युटरला वाटतं चौथं हरवलं, तो पुन्हा मागतो आणि भीतीने वेग कमी करतो. रीनाचा दादा असाच फुटत होता.

हे मी मुळात जाणूनच होते. फक्त पाहिलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
दोन दिवस अडून आहे. एका घराची सगळी पॅकेटं एकाच कोअरला द्यायची म्हणजे कोणाच्या वाट्याला रात्रंदिवस सिनेमे उतरवणारं घर येईल आणि कोणाच्या वाट्याला आठवड्यातून एकदा रेल्वेचं टाइमटेबल बघणारे आजोबा. हा पंक्तिप्रपंच नाही तर काय?

आत्याला विचारलं. ती वरणाला फोडणी देत होती. म्हणाली, सगळ्यांना सारखं म्हणजे एकाच पानात आठ जणींनी वाढायचं असं मी कधी सांगितलं? आठदा मीठ पडेल.

आत्याने हे मला आधी शिकवायला हवं होतं. दोष देत नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
शोध लागला की आमच्या कार्डात मुळातच आठ रांगा आहेत. कोणतं घर कोणत्या रांगेत, ते कार्ड स्वतः ठरवतं आणि मग बदलत नाही. कार्ड चालवणारा जुना प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यातली एकच रांग वापरत होता. नवा ड्रायव्हर नेटवरून उतरवायला बसले. आमच्याच नेटवरून. चार तास लागले, दोनदा तुटलं. तक्रारवहीत नोंद केली: दुपारी २.१०, वल्लरी, ऑफिस, फाइल उतरत नाही. मग ४.४०, वल्लरी, पुन्हा तेच. आजच्या एकूण एकशे दहा.

१५ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी असून आले. नवा ड्रायव्हर घातला. आठ रांगा, प्रत्येक रांग एकेका कोअरला कायमची बांधली. टिकारामभाऊ दारात उभे होते, मी बोलावलं नव्हतं. म्हणजे बोलावलं होतं, पण बघायला.

ग्राफ भयंकर झाला आहे. एक एकतीसवर, एक सहावर, एक बावीसवर, जसं काही घरात कोणाला वळणच नाही. बघवेना म्हणून स्क्रीनवर रुमाल टाकला. फोन दिवसभरात चार वेळा वाजला. टिकारामभाऊ म्हणाले, "काटे सारखे नाही चालत मॅडम, पण लोकं घरी चालले नं."

१६ नोव्हेंबर, सोमवार
तीन तक्रारी. त्यातल्या एकाला गॅसचं सिलिंडर हवं होतं. तीही लिहिली.

दुलीचंदजी वही बघून इतके खूश झाले की त्यांनी समोसे मागवले. मग विचारलं, ये किसने किया?

मी ठरवून आले होते: "टीमने" एवढंच म्हणायचं. छोटा शब्द, खोटा नाही. पण तोंड उघडल्यावर चार तारखेपासून सगळं बाहेर आलं. पंगत, काटा, चार लाख पॅकेटं, मी टिकारामभाऊंना काय म्हणाले ते, आणि अकरा दिवस शहराचं नेट मीच बिघडवलं होतं, तेही. पुरावा म्हणून वही उघडून दाखवली. वीस मिनिटं लागली. समोसे गार झाले. खरं बोलणाऱ्याचं शेवटी भलंच होतं, हे मनाला बजावत होते.

दुलीचंदजींनी टिकारामभाऊंना आत बोलावलं, पाठ थोपटली आणि सर्वरच्या खोलीची किल्ली माझ्यासमोर त्यांच्या हातात दिली. कॉम्प्युटरवर टाइप करण्यापुरता अनुराग येईल, असं ठरलं. मग माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले, "बेटा, इतनी सच्ची लड़की को मशीन के पास नहीं, ग्राहक के पास बैठना चाहिए."

नोकरी पक्की.

१७ नोव्हेंबर, मंगळवार
नवं पद: तक्रार विभागप्रमुख. विभागात मी एकटी आहे, त्यामुळे कामाची वाटणी करायचा प्रश्न नाही. नवी वही आणली, रेघा मारल्या, वेळेचा रकाना जरा रुंद ठेवला.

दुपारी ४ वाजेपर्यंत एकही तक्रार नाही. तीनदा रिसीव्हर उचलून पाहिला. टोन येतोय.