आक्कांचा मेसेज

प्रिय विश्वजित,

शेजारचे गणपतराव ट्रॅक्टरमधून म्हशी घेऊन जावयाकडे तुझ्या उचगावला निघालेत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देतेय. त्यांच्याकडे फोन नाही, आणि इथे शिरोळात आपल्या गल्लीला परवापासून लाईट नाही, रेंजही नाही. अर्धी वाचून बाजूला ठेवू नकोस.

महापुराच्या साली तू पुराचा ग्रुप काढलास, तेव्हा आपण अकराच जण होतो. माझं घर घाटाजवळ, म्हणून किती पायऱ्या दिसतात ते मी रोज कळवायची. बास, एवढंच माझं कर्तृत्व. त्या अकरांनी आपापले पावणे आणले, पावण्यांनी त्यांचे, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं गेलं, आक्कांना विचारा. आता हजाराच्या घरात माणसं आहेत. माझा मेसेज आल्याशिवाय खालच्या वाड्यांत कुणी नदीवरची मोटार वर काढत नाही की गुरं हलवत नाही. मला ते आवडत होतं रे. लग्नाकार्यात बायका उठून मला जागा द्यायच्या.

तुला एक सांगितलं नाही. गुडघे गेल्यापासून वर्षभर मी घाटावर गेलेच नव्हते. ग्रुपवर लोक काय म्हणतात ते वाचायची आणि अंदाजाने पायऱ्या लिहायची. लोक तरी काय म्हणत होते, माझंच कालचं.

तानाबाई यंदाच ग्रुपमध्ये आली. नदीच्या वळणावर राहते, तिथून घाट समोर दिसतो, आणि पाणी आधी तिच्या परड्यात येतं. सोमवारी मी चौदा पायऱ्या लिहिल्या, घाबरू नका म्हटलं. तिने लिहिलं, पाचच हायत, पाणी चढतंय. सगळे तिच्यावर तुटून पडले. तुला आक्कांपेक्षा जास्त कळतंय व्हय, म्हणाले. मला राग आला होता, आणि लाजही वाटत होती. मी परत एकदा घाबरू नका लिहिलं आणि ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननाच लिहिता येईल असं करून टाकलं. अ‍ॅडमिन दोघंच, तू आणि मी. ती बिचारी मग वाडीत दारोदार सांगत फिरली. ग्रुपवर तसं काय आलं न्हाय की, म्हणून लोकांनी तिला परत पाठवलं.

आज सकाळी गणपतरावांचा हात धरून घाटावर गेले. एकही पायरी दिसत नाही. पाणी देवळाच्या ओट्याला लागलंय. त्याचा आवाजसुद्धा नाही, नुसतं सरकतंय. खालच्या वाड्यांत अजून रेंज आहे म्हणतात. उसाआड त्यांना नदी दिसत नाही, फोन दिसतो. आणि प्रत्येकाच्या फोनवर शेवटचा मेसेज माझा आहे, घाबरू नका.

चिठ्ठी मिळताच उभ्या उभ्या ग्रुपवर लिही, गुरं सोडा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधी काढा, आत्ता निघा. तानाबाईचं खरं होतं हे मी स्वतः तिच्या दारात जाऊन सांगेन, दार राहिलं तर. आज तिचं नाव घालू नकोस, तुझंही नको. लोक विचार करत बसतील. खाली माझंच नाव घाल.

तुझीच,
आक्का