तुझी डिस्क काढल्यावर

प्रिय राजेंद्र,

तुझी डिस्क आज कुरिअरनं निघाली. जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात घातली आहे, वाटेत आपटली म्हणून माझ्या नावानं बोंब नको. पुण्याला मिळाली की मला फोन करू नकोस. पोचल्याचं कुरिअरवाले कळवतात.

तू किती सहज म्हणालास, "कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क माझी आहे, तेवढी काढून पाठव." दोन वर्षांनी फोन आणि पहिलंच वाक्य हे. रेकॉर्डिंगसाठी भावसिंगपुऱ्यातली ही खोली आपण दोघांनी मिळून घेतली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या मारायचा थांबेपर्यंत माईक बंद करून बसून राहिलो. सायलीशी लग्न ठरवून तू गेलास तेव्हा इथलं काहीच मागितलं नाहीस. मला वाटलं, शरमेनं. आता कळलं, तेव्हा गरज नव्हती.

डिस्क काढायला मी लगेच बसले होते. केबल उपसली, कॉम्प्युटर सुरू केला, तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की सुरू करण्यासारखं काही सापडत नाही. विंडोज तर मी नंतर घेतलेल्या डिस्कवर होतं! तुला विचारलं, तर तू हसलास. "अगं, नव्या डिस्कवर विंडोज टाकताना जुनी लावलेलीच होती ना? मग बूट फाइल्स, कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या, जुनीवरच राहिल्या असणार. तुला नाही जमायचं ते. दुकानात ने, फॉरमॅट मारून देतील." माझ्या डिस्कवर तू गेल्यानंतरची माझी सगळी रेकॉर्डिंगं आहेत, फॉरमॅटनं ती पुसली जातील, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं?

मी दुकानात गेले नाही. मुकुंदवाडीत कॉम्प्युटरचे क्लास घेणारी माझी मैत्रीण करुणा तुला आठवत असेल. तिला बोलावलं. तिनं आधी तुझी डिस्क परत जोडली, कॉम्प्युटर मुकाट्यानं सुरू झाला. मग बाहेरची एक ड्राइव्ह लावली आणि दोन्ही डिस्कवरचं सगळं त्यावर उतरवून घ्यायला सांगितलं. "हे झाल्याशिवाय मी पुढं कशालाच हात लावणार नाही," म्हणाली. दुपार त्यातच गेली. मग खरं काम सुरू झालं. माझ्या डिस्कच्या शेवटी मोकळी जागा होती, तिच्यातून एक छोटा भाग वेगळा काढला, बूट फाइल्सना लागतो तसा तयार केला. इथं मी थांबले, कारण पडद्यावरच्या यादीत दोन्ही डिस्क सारख्याच दिसतात आणि चुकून भलती निवडली तर ती पुसली जाते. करुणा म्हणाली, "नंबरावर जाऊ नकोस, साइज बघ. तुझी केवढी, त्याची केवढी?" बघितलं, पुन्हा बघितलं. मग एका ओळीची कमांड दिली आणि विंडोजनं आपल्या बूट फाइल्स त्या नव्या भागात लिहून काढल्या. सेटिंगमध्ये जाऊन माझी डिस्क पहिली केली. मला वाटलं, झालं. करुणा म्हणाली, "छे! आता बंद कर आणि त्याची केबल काढ. नाहीतर हा गुपचूप जुनीवरूनच सुरू होत राहील आणि तुला वाटेल जमलं." काढली. बटण दाबलं. सुरू झाला. करुणानं टाळ्या वाजवल्या. मला मात्र रडू आलं, आणि त्याचं कारण कॉम्प्युटर नव्हतं.

फाइली उतरत असताना मधेच एक उघडली होती. पिशोरच्या आमच्या घरातली. कन्नडहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आपण गेलो होतो, माईक तू मांडीवर धरला होतास. आई माईकला बिचकत होती. तू तिच्यासमोर मांडी घालून बसलास, म्हणालास, "मावशी, मशीनकडं बघू नका, मला सांगा." मग ती जी सुटली! मी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा जात्यावर बसून तिनं रचलेली ओवी तिनं तुला म्हणून दाखवली:

दळण दळीते बाई, पीठ पडं झरझरा
लेक लिहिते पाटीवरी, माझ्या नावाच्या अक्षरा

परत निघताना तिनं तुझ्या पिशवीत शेंगा भरल्या, मला कानात म्हणाली, "पोरगा ऐकून घेणारा हाय." ऐकून तर तू चांगलंच घेतलंस.

यंदा एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत ती ओवी मी डीजेवर ऐकली. सायलीच्या आवाजात, खाली ढोल टाकलेला. मोबाइलवर शोधलं, तर गीत आणि संगीत, दोन्हीकडं तुझं नाव. आई तेव्हा इथं माझ्याकडंच होती, दवाखान्यासाठी आणलेली, अंथरुणाला खिळलेली. खिडकीतून आवाज आला तशी उठून बसायला धडपडली. "हे माझंच हाय ना गं?" मी म्हटलं, व्हय. "राजेंद्रनं केलं?" व्हय. इतकी खूश झाली की तिला दम लागला. मग विचारलं, "माझं नाव घातलं का त्यानं?" मी म्हटलं, "व्हय आई, घातलंय." पुढं दवाखान्यात येईल त्या नर्सला ती सांगत राहिली, माझ्या जावयानं माझं गाणं केलं. जावई हा शब्द मी दुरुस्त केला नाही. तुझ्यासाठी मी आयुष्यात शेवटचं खोटं बोलले ते हे.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. आई गेली. तुझा फोन आला तेव्हा तिला जाऊन आठवडाही झाला नव्हता. तू तिची चौकशी केली नाहीस. सायलीच्या पुढच्या अल्बमला "त्या जुन्या ओव्या" हव्यात एवढंच म्हणालास, म्हणून मीही सांगितलं नाही. आईच्या पुण्यानुमोदनाला पिशोरला गेले, तर वच्छलाबाईनं मला मिठी मारली. आईच्या जात्याला दुसरा हात आयुष्यभर हिनंच लावला, त्या ओव्या तिच्या कानासमोर जन्मल्या. ती रडत म्हणाली, "तुझी माय त्या पुण्याच्या पोराचं गाणं लई गोड म्हणायची गं." भोवतालच्या बायांनी माना डोलावल्या. परत आले आणि करुणाला बोलावून तुझी डिस्क काढली. तिच्यातली एकही फाइल मी पुसलेली नाही, ओव्यासुद्धा तुला जशाच्या तशा मिळतील. फक्त काल मी त्या सगळ्या आईच्या, गोजरबाईच्या नावानं लोकांसाठी इंटरनेटवर टाकल्या आहेत, तिच्याच आवाजात. पहिल्या ओवीच्या आधी तू विचारतोस, "मावशी, ही कुणी रचली?" आणि आई हसून म्हणते, "कोन रचंल? मीच की." करुणा म्हणाली, तेवढं काप, उगाच भांडण होईल. मी कापलं नाही. सायलीला ऐकव. तुझा आवाज ती ओळखेल.

तुझी कुणीच नाही,
गोजरबाईची विशाखा