मारुतीचा तिसरा नंबर

सातारा, मंगळवार, फेब्रुवारी १९४४

सांगलीच्या मोठ्या तालमीचे वस्ताद आज आले. आमच्या तीन होतकरू पोरांत पहिला कोण हे मी सांगायचं आणि त्यालाच ते नेणार. पहिला मारुती, हे माझ्या मनात महिनाभर पक्कं होतं.

पण संध्याकाळी तो पायऱ्या उतरला तो डावा गुडघा न वाकवता. मी बाजूला घेऊन विचारलं, “गुडघा दुखतोय का रं?”

“न्हाई वस्ताद. लय बरा हाय.”

“मग मार बैठक.”

बसला. उठताना मात्र ओठ दाताखाली धरला आणि मातीत हात टेकला. तो गुडघा डोळ्यांपुढून हलत नाही.

मी पाहुण्यांना शंकर पहिला सांगितला, मारुती तिसरा.

मारुती ओरडला, “आवं वस्ताद, एक कुस्ती तरी खेळू द्यायची!”

“ती एकच खेळला असतास.”

दूध न पिताच तो उंब्रजला घरी निघून गेला. बरोबर केलं ना मी? गुडघा महिन्यात बरा झाला तर? पण नाही झाला तर?

सकाळी हाडवैद्याला घेऊन उंब्रजला जातो. पोरगं मला दारात तरी उभं करील का?