एकेचाळीस बगळफुलं

प्रिय बाबा,

तुम्हाला अजून तीन आठवडे दवाखान्यात राहावं लागेल, असं आत्याने फोनवर सांगितलं. पाय टेकवायची घाई करू नका. इथे पाणथळीतलं गवत माझ्या कमरेपर्यंत आलं आहे, यंदाची कापणी आम्ही करू.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी पाणथळीतली बगळफुलं मोजली. आधी नेहमीसारखे ओढ्यावर बूट धुतले, तळव्यांच्या खाचा ब्रशने घासल्या. बाहेरचं एक बीसुद्धा आत जाता कामा नये, हे तुम्ही मला मी चार वर्षांची असताना शिकवलंत. मग आपल्या राखण मंडळातल्या सगळ्यांनी फळ्यांवरून एकामागे एक चालत मोजलं. एकेचाळीस! गेल्या वर्षी सात होती. कुराजीकाका फळीवरच नाचायला लागले. तुमचं नाव घेत म्हणाले, "गेन्झो पडला आणि फुलं उठली! त्याला वर्षभर तिकडेच ठेवा रे!" तोमिएकाकू म्हणाल्या, "नाचा, नाचा. तुम्हीही पडा, म्हणजे पुढच्या वर्षी शंभर होतील." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन भात वाढून घेतला आणि तसाच झाकून ठेवला.

आत्याच्या फोनवर त्या फुलांचा फोटो बघून तुम्ही रडलात, असं ती म्हणाली. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

गेल्या वर्षी सात फुलं मोजून आल्यावर तुम्ही टोपी खुंटीला लावली आणि भिंतीकडे बघत म्हणालात, "आजोबांनी राखली, वडिलांनी राखली. माझ्याच हातात मरायची होती." मी दाराआड उभी होते. मार्चमध्ये तुम्ही आत्याकडे गेलात, तेव्हा मी स्टेशनजवळच्या दुकानातून बगळफुलाच्या गड्ड्यांची चार पाकिटं आणली. प्रत्येकात दहा, वाटाण्याएवढे. ते दूरच्या दुसऱ्या प्रांतातले आहेत, हे पाकिटावर छापलं होतं. मी वाचलं, आणि तरी चाळीसच्या चाळीस शेवाळात खोचून आले. बाबा, त्या दिवशीसुद्धा आत जाण्याआधी मी बूट धुतले होते.

खूण एकालाही केली नाही. किती उगवले, किती कुजले, माहीत नाही. म्हणजे आपली सात असतील, किंवा एकच. ऑक्टोबरात बोंडं फुटतील आणि धुळीसारखं बी सगळीकडे उडेल. मग वेगळं करायला काही उरणार नाही. त्यात कुराजीकाकांनी ठरवलंय की यंदाचं बी वरच्या गावाच्या पाणथळीलाही द्यायचं. शनिवारी त्यासाठी बैठक आहे. तिथे मी सगळं सांगणार आहे. पण तुम्हाला ते कुराजीकाकांच्या तोंडून कळू नये.

आणखी एक. आपल्या फुलाच्या बगळ्यासारख्या पांढऱ्या पंखांची झालर उथळ असते, मागची मधाची नळी जरा जास्त वाकलेली असते, असं तुम्ही दरवर्षी दाखवायचात. मी मान हलवायचे. मला तो फरक एकदाही दिसला नाही.

म्हणून सोबत एकेचाळीस फोटो पाठवते आहे. मागे आकडे घातलेत, तेच आकडे काड्यांवर लिहून मी प्रत्येक रोपाशी खोचलेत. पाकिटात लाल पेन्सिलही आहे. आपल्या फुलांवर खूण करा आणि शुक्रवारपर्यंत पोचतील असे पाठवा. खूण नसलेली रोपं मी सगळ्यांसमोर गड्ड्यासकट उपटेन. तुम्हालाही फरक दिसला नाही आणि एकावरही खूण करता आली नाही, तर काही लिहू नका. फोटो कोरेच परत पाठवा. मी समजेन.

तुमचीच,
सावाको