सहा घरांत तीनदा 'कर'

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीचा खोकला थांबला असेलच. (नसेल तर तुम्ही करता तो काढा बंद करून पाहा.)

आम्ही सगळे ठीक. आजारी आहे ते वर्तमानपत्रातलं माझं शब्दकोडं. नव्या व्यवस्थापकांना त्या जागी गाद्यांची जाहिरात हवी आहे. लोकांना कोडं लागतं हे शनिवारपर्यंत दाखवा, नाहीतर गाद्या, असं त्यांनी सांगितलंय. (माणूस वाईट नाही, नुसता उत्साही आहे.)

तर गेल्या रविवारी मी 'कर' हा शब्द घेतला. एका शब्दाला एकच अर्थ असावा, हे तुमचं मत मला पाठ आहे. जन्म वजनमापं खात्यात गेल्यावर दुसरं काय वाटणार? शिवाय दर आठवड्याला तुमचं तक्रारीचं पत्र संपादकांकडे येतं आणि ते मलाच मोठ्यानं वाचून दाखवतात. तरी मी सूत्र दिलं: 'हात, किरण आणि सरकारचा हक्क, दोन अक्षरं.' पानं लावणाऱ्या गृहस्थांनी त्यावर चौकट छापली ती मागच्या आठवड्याची. तिथे घरं सहा. बाकीच्या शब्दांचंही तेच.

रविवारभर मी बोलणी खायच्या तयारीनं फोनशेजारी बसले. आला तो गॅसवाल्याचा. मंगळवारी मात्र टपालानं उत्तरांचा गठ्ठा आला, एकही घर रिकामं नाही. सहा घरांत सगळ्यांनी 'करकरकर' लिहिलेलं. "बरोबर आहे की बाई, अर्थ तीन म्हणून तीनदा," व्यवस्थापक म्हणाले. एकानं काळी घरंसुद्धा भरली होती, खडूनं. (त्याची चिकाटी पाहून साहेब हळवे झाले.) मी म्हटलं, अहो, हे कोडं सुटूच शकत नाही. तर म्हणाले, "सुटलं ना पण. आणि तक्रार एक नाही. चुकीच्या कोड्याची कुणी करत नाही, तर नसलेल्या कोड्याची कोण करणार?" 

मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. त्या गठ्ठ्यात तुमचंही पत्र होतं. 'कोडं उत्तम. पोरीचा हात बसला.' इतक्या वर्षांत तुम्ही माझं पहिल्यांदा कौतुक केलंत ते नेमकं याच कोड्यावर, आणि नेहमीचे तक्रारदारसुद्धा खूश, याचा पुरावा म्हणून साहेब ते काल सगळ्यांना दाखवत फिरले. कोडं बंद होतंय हे आईनं तुम्हाला फोनवर सांगितलेलं दिसतं, म्हणून ही माया. तेव्हा शनिवारच्या आत एक तक्रार पाठवा. नेहमीसारखी, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. 'वजनात मारता' हे वाक्य राहू द्या.

ता. क. दुसरा. तक्रार आली की कौतुकाचं पत्र रद्द, असं साहेबांना सांगेन. तुम्ही मात्र ते परत मागू नका. ते माझ्या पर्समध्ये आहे.