सात हजार सहाशे चाळीस किलोमीटर

३ मार्च
ताईचे दिवस भरत आले. भाऊजी बोटीवर. एकवीस तारखेला मी आईला घेऊन विमानाने ताईकडे जायचे. आईला वाचता येत नाही, म्हणजे सगळी जबाबदारी माझी. मी घाबरलेलो नाही. फक्त नीट तयारी करणार.

५ मार्च, दुपारी
चार शर्टांचे कटिंग संपवून शिंपीकामाच्या दुकानातल्या जगाच्या नकाशाला मापाची टेप लावली. आमच्या आणि ताईकडच्या विमानतळांत तेवीस सेंटिमीटर. म्हणजे नऊ हजार दोनशे किलोमीटर. मोबाइल म्हणतो, सात हजार सहाशे चाळीस. न धुताच दीड हजार आटले? पेट्रोल कोणत्या मापाने भरणार? दुकानाचे मालक, आमचे टेलरमास्तर, त्यांना विचारले. म्हणाले, अरे शहाण्या, पृथ्वी गोल आहे. गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप इस्त्रीच्या टेबलावर घेतोस का?

८ मार्च
शेजारच्या स्टेशनरीवाल्याचा पृथ्वीचा गोल मागून आणला. टेप बसवली. माप जुळले. चार मिनिटे हायसे वाटले. मग दिसले, जवळची वाट थेट बर्फावरून जाते. खाली एक गाव नाही. उतरायची वेळ आली तर?

१२ मार्च
जायला नऊ तास पस्तीस मिनिटे, यायला आठ तास चाळीस. अंतर तेच. जाताना इंजिनाला दम लागतो की काय? मास्तर म्हणाले, समोरून वारा असतो रे. हे आधी का सांगितले नाही?
ठराव: सगळा वेळ जागे राहायचे. आईने विचारले, विमानात झोप लागते का रे? म्हटले, तू खुशाल झोप, मी बघतो.

१७ मार्च
आईच्या पिशवीत बाळाची टोपडी. माझ्या पिशवीत तीन स्वेटर, टॉर्च, शिट्टी. ताट अर्धे टाकून उठलो. हवा बदलली असावी.

२० मार्च
अंग कढत. थर्मामीटर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार दाखवतो. बिघडला आहे. आई कपाळाला हात लावून म्हणाली, थंडगार तर आहेस. ताईचा फोन आला. म्हणाली, याल ना रे उद्या? एकटीला भीती वाटते. मी म्हटले, वेडी आहेस का? मी आहे ना.

२१ मार्च, सकाळी १०.१०, विमानतळ
मी रांगेतून बाजूला झालो. आईला समजावले, असला ताप बाळाजवळ नेणे बरे नव्हे. विचार फक्त बाळाचा. आईने पुन्हा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाली, माझा पासपोर्ट दे इकडे. मग काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, मला वाचता येत नाही, कुणाच्या मागे जाऊ ते दाखवा. आणि गेली.

२३ मार्च
ताईला मुलगी झाली. आई वेळेवर पोचली. विमानात शेजारचे एक धिप्पाड गृहस्थ घाबरले होते, आई त्यांचा हात धरून बसली होती म्हणे.
फोन ठेवताना आई हळूच म्हणाली, ताईला मी तापच सांगितलाय, तूही तेच सांग.
मी म्हटले, अजून जरा कणकण आहे.